चर्च विकलं जातं तेव्हा

लंडनमध्ये एखादं जुनं चर्च विक्रीला निघालं की आमच्या पिनरच्या घरात वाद ठरलेला. मुलं म्हणतात, फ्लॅट होऊ देत, ओस पडण्यापेक्षा बरं. देवाच्या घरात कुणी कांदा परतणार, हे थोरल्यांना सोसत नाही.

मी मात्र ब्रिक लेनचं उदाहरण देतो. पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी थेट ऑल्डगेटला जाते, पुढे थोडंच चालायचं. तिथे १७४३ साली ह्युगेनॉट लोकांनी चर्च बांधलं; धर्मछळामुळे फ्रान्स सोडून आलेल्यांची ही वस्ती. १८१९ साली तिथे मेथडिस्टांचं चॅपल झालं. १८९८ साली पूर्व युरोपातून आलेल्या यहुद्यांनी तिथेच सिनेगॉग थाटलं. पुढे यहुदी कुटुंबं इतरत्र पांगली आणि १९७६ साली बांगलादेशी मंडळींनी तिथे मशीद उघडली. माणसं बदलली, पण प्रार्थना थांबली नाही.

आपल्या वाडवडिलांना यात फार वावगं वाटलं नसतं. ते सिनेगॉगला मशीदच म्हणत. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत उभारलेलं शआर हारहमीम म्हणजे आपली ‘जुनी मशीद’.

विक्रीचा विचार आपल्या मिश्नातही आहे, मगिल्लाच्या तिसऱ्या अध्यायात. सिनेगॉग विकलं तर त्या पैशातून हेखाल घ्यावा; हेखाल विकला तर सेफेरची वस्त्रं; अशा चढत्या क्रमाने सेफेर तोरापर्यंत. पैसा खालच्या पायरीवर उतरू द्यायचा नाही. न्हाणीघर किंवा कातडी कमावण्याचा कारखाना करण्यासाठी वास्तू देऊ नये, असंही तिथे सांगितलं आहे.

हे पाठांतरासाठी लिहीत नाही. कोकणात आपल्या कितीतरी मशिदींत आज मिन्यान जमवणं कठीण झालं आहे. ज्यांच्या आजोबांनी त्यांना वर्गणी दिली, ती कुटुंबं इस्राएलमध्ये, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत आहेत. उद्या दारावर पाटी लागलीच, तर सेफेर कुठे जाईल, पैसा कशाला लागेल, वास्तू कुणाच्या हाती जाईल, हे आपण आजच बोलायला हवं. गावात दहा पुरुष उरले नसतील. पण फोनवर दहा घरं तरी नक्कीच जमतील.