राजधानीचे अंगण : लोदी उद्यान

दिल्ली पाहावयास येणाऱ्या कुटुंबाची यादी बहुधा घरून निघण्यापूर्वीच तयार झालेली असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, राजघाट आणि राष्ट्रपती भवन ही नावे तीत हटकून असतात. चार दिवसांच्या मुक्कामात ही स्थळे पाहता पाहता मुले कंटाळतात, वडीलधाऱ्यांचे पाय दुखू लागतात, आणि राजधानी म्हणजे केवळ दगड, रस्ते व रांगा असा समज करून घेऊन मंडळी परतीच्या गाडीत बसतात. अशा प्रवाशांनी आपल्या यादीत आणखी एका नावाची भर घालावी, असे सुचवावेसे वाटते. ते नाव लोदी उद्यानाचे होय. येथे तिकीट नाही, रांग नाही, आणि काही विशिष्टच पाहिले पाहिजे असे बंधनही नाही. तरीही दिल्लीच्या इतिहासाचा एक मोठा दुवा येथे हिरवळीवर मोकळा उभा आहे.

नवी दिल्लीच्या दक्षिण भागात, सफदरजंगच्या कबरीपासून पूर्वेस थोड्या अंतरावर, लोदी मार्गाच्या कडेने हे उद्यान पसरले आहे. त्याचा विस्तार सुमारे ९० एकर आहे. मेट्रोने येणाऱ्यांना जोर बाग हे स्थानक सोयीचे पडते. तेथून पायी चालत येता येते. पहाटेपासून सायंकाळ उलटेपर्यंत फाटके उघडी असतात. आत शिरताच वाहनांचा गलबला मागे पडतो, आणि झाडांच्या फटींतून एक करडा घुमट दिसू लागतो.

हा घुमट सय्यद घराण्यातील मुहम्मद शाह याच्या कबरीचा. सय्यद घराण्याने दिल्लीवर १४१४ ते १४५१ पर्यंत राज्य केले. परंतु तैमूरच्या १३९८ मधील स्वारीने खिळखिळी झालेली सत्ता त्यांना पुन्हा सावरता आली नाही. मुहम्मद शाहाचा पुत्र आलम शाह याने तर दिल्ली सोडून बदाऊन येथे राहणे पसंत केले, आणि १४५१ मध्ये राजधानी बहलूल लोदी या अफगाण सरदाराच्या हाती गेली. राज्य असे आक्रसत असतानाही कबरीची वास्तू मात्र डौलदार आहे. तिचा आकार अष्टकोनी असून सभोवार कमानींची ओसरी आहे. कोपऱ्याकोपऱ्यांना आधारासाठी बांधलेले तिरपे धिरे आहेत, आणि मधल्या घुमटाभोवती आठ लहान छत्र्या आहेत. या छत्र्यांचे मूळ आपल्या देशातील जुन्या बांधणीत आहे, तर कमान व घुमट ही पश्चिमेकडून आलेल्या परंपरेची देणगी. दोन्ही परंपरांच्या कारागिरांनी एकमेकांपासून काय घेतले, हे शाळेतल्या मुलाला समजावून सांगावयाचे असेल, तर या वास्तूभोवती एक फेरी मारणे पुरेसे आहे.

पुढे थोडे चालून गेल्यावर बडा गुंबद लागतो. ही भव्य चौकोनी वास्तू आणि तिला लागून असलेली मशीद एकाच उंच चौथऱ्यावर उभ्या आहेत. मशिदीवरील लेखात १४९४ हे वर्ष येते. म्हणजे ती सिकंदर लोदीच्या कारकिर्दीतील. बड्या गुंबदात कोणाचीही कबर नाही. म्हणून तो मशिदीचे प्रवेशद्वार असावा, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. मशीद आकाराने लहान, पण तिच्या पाच कमानींवरील नक्षी पाहत राहावी अशी आहे. पाने, फुले, वेलबुट्टी आणि अरबी अक्षरे यांची ही सारी गुंफण चुन्याच्या गिलाव्यात केलेली आहे. गिलावा ओला असतानाच कारागिराला हात चालवावा लागतो. तो सुकला म्हणजे संधी गेली. पाच शतकांपूर्वीच्या त्या हातांची घाई आणि अचूकता, दोन्ही येथे दिसतात.

समोरच शीश गुंबद आहे. त्याच्या दर्शनी भिंतींवर निळ्या रंगाच्या चकाकणाऱ्या कौलांच्या पट्ट्या होत्या, म्हणून त्यास काचेचा घुमट हे नाव मिळाले. बरीचशी निळाई आज झडून गेली आहे. उरलेल्या तुकड्यांवर ऊन पडले म्हणजे नावाची सार्थता पटते. आत अनेक कबरी आहेत; पण त्या कोणाच्या, हे आज निश्चितपणे सांगता येत नाही. एवढी देखणी वास्तू ज्यांच्यासाठी उभारली, त्यांची नावेदेखील काळाने राखली नाहीत.

उद्यानाच्या उत्तर भागात सिकंदर लोदीची कबर आहे. सिकंदर १४८९ मध्ये गादीवर आला. पुढे त्याने आपले ठाणे आग्र्यास हलविले. तथापि १५१७ मध्ये मरण आल्यावर त्याला चिरविश्रांती मिळाली ती दिल्लीतच. ही कबरही अष्टकोनी आहे, परंतु तिच्याभोवती उंच तटभिंत असून मधले अंगण मोकळे राखले आहे. भिंतीने वेढलेले आवार आणि त्याच्या मध्यभागी कबर, ही कल्पना पुढे मोगलांनी किती विस्तारली, हे हुमायूनच्या कबरीचे भव्य आवार पाहिलेल्यांना सहज उमगेल. सिकंदराचा पुत्र इब्राहीम हा घराण्यातील अखेरचा सुलतान. १५२६ मध्ये बाबराशी झालेल्या लढाईत तो पानिपतावर पडला. पानिपत म्हटले की मराठी माणसाच्या मनात १७६१ हेच वर्ष उभे राहते. पण त्याच मैदानावर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ आधी एक राजवंश संपला होता, याची आठवण ही कबर करून देते.

येथून जवळच आठपुला नावाचा दगडी पूल आहे. आठ खांबांवरून त्यास हे नाव पडले. कमानी मात्र सात आहेत. मुले त्या मोजून पाहतात, आणि नाव चुकीचे आहे असे मोठ्या उत्साहाने जाहीर करतात! अकबराच्या काळातील या पुलाखालून पूर्वी यमुनेला मिळणारा ओढा वाहत असे. आज तेथे लांबट तळे असून त्यात बदके पोहतात.

आता या उद्यानाच्या जन्माची कथा सांगावयास हवी, कारण ती सुखाची तशीच दुःखाचीही आहे. या घुमटांच्या आसपास पूर्वी खैरपूर नावाचे गाव नांदत होते. १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली, आणि नवी दिल्ली उभारताना आसपासच्या अनेक गावांच्या जमिनी गेल्या. खैरपूरच्या रहिवाशांनाही आपली घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. मोकळ्या झालेल्या जागी हिरवळ लावण्यात आली, आणि १९३६ मध्ये तत्कालीन व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने लेडी विलिंग्डन पार्क खुले झाले. फाटकाच्या दगडावर त्या बाईंचे नाव कोरले गेले. गावाचे नाव मुख्यतः इतिहासाच्या पुस्तकांतच उरले. १९४७ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर बागेस लोदी उद्यान हे नाव देण्यात आले. पुढे १९६८ मध्ये वास्तुशिल्पी जोसेफ ॲलन स्टाइन आणि उद्यानरचनाकार गॅरेट एक्बो यांनी तिची नव्याने आखणी केली. शेजारचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही स्टाइन यांचीच कृती होय.

कुटुंबांची चूलबोळकी उचलून जी बाग तयार झाली, ती निदान सर्वांची असावी, अशी अपेक्षा करणे रास्तच आहे. येथे समाधान वाटण्याजोगी गोष्ट ही की आजही या फाटकावर कोणाकडे पैसे मागितले जात नाहीत. सकाळी मंत्रालयांतील अधिकारी आणि निवृत्त मंडळी एकाच वाटेने फिरत असतात. दुपारी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतून आलेली कुटुंबे सतरंजी अंथरून डबे उघडतात. पराठे, लोणचे आणि संत्री यांचा वास हिरवळीवर दरवळतो. महाविद्यालयीन मुले-मुली झाडाच्या सावलीत पुस्तक उघडून बसतात, ते वाचतात की नाही हा प्रश्न वेगळा! ज्यांच्या घराला अंगण नाही, त्यांचे अंगण हेच. दिल्लीचा उन्हाळा भाजून काढणारा, आणि हिवाळ्याच्या आरंभी हवा धुराने कोंदलेली; अशा नगरात नव्वद एकरांची सावली ही चैन नव्हे, ती आरोग्याची गरज आहे.

ऋतूंप्रमाणे बागेचे रूप पालटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर लाल फुलांनी पेटून उठते. मे महिन्यात सारे शहर होरपळत असताना बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. कडुलिंब, पिंपळ आणि अर्जुन यांच्या छायेत वर्षभर गारवा असतो. सकाळी लवकर गेल्यास राखी धनेश पक्षी आपली वाकडी चोच सांभाळीत एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना दिसतो, आणि घुमटांच्या फटींतून पोपटांचे थवे बाहेर पडतात. बाहेरगावच्या पाहुण्यांनी नोव्हेंबर ते मार्च या काळातील सकाळ निवडावी, हे उत्तम.

परंतु जे सर्वांचे असते, त्याची काळजी कोणीच घेत नाही, हा अनुभव आपल्याला गावच्या विहिरीपासून गडकिल्ल्यांपर्यंत सर्वत्र येतो. येथील भिंतींवरही प्रेमिकांची नावे, तारखा आणि बाण लागलेली हृदये कोरलेली आढळतात. आपण ओरखडा काढतो तो दगडावर, असे कोरणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात तो अनेकदा चुन्याच्या गिलाव्यावर पडतो. चुना सिमेंटासारखा कठीण नसतो. त्याचा पृष्ठभाग एकदा फुटला की पावसाचे पाणी आत शिरते, गिलावा फुगतो, आणि काही वर्षांत नक्षीचा तुकडाच गळून पडतो. वरून सिमेंट थापून ही जखम बरी होत नाही. उलट ओल आत कोंडली जाते. पुन्हा चुनाच तयार करावा लागतो, आणि ते काम जाणणारे हात आज थोडे आहेत. प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी १९५८ चा कायदा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीने त्यातील शिक्षा अधिक कडक झाली आहे. तथापि प्रत्येक भिंतीशेजारी पहारेकरी उभा करणे कोणत्याही सरकारास शक्य नाही. हे काम आईवडिलांचे आहे. मुलाने खिशातून खिळा काढण्यापूर्वीच, या भिंती आपल्या आजोबांच्या आजोबांहूनही कितीतरी वडील आहेत, हे त्याला कोणीतरी सांगितलेले असले पाहिजे.

अनेक प्राचीन वास्तूंभोवती आज कुंपणे आहेत, आणि त्या पाहण्यासाठी तिकीट काढावे लागते. लोदी उद्यानात मात्र सुलतानांच्या घुमटांना टेकून सामान्य नागरिक जेवतो, वाचतो, विसावा घेतो. हा मोकळेपणा टिकेल की नाही, हे येथे येणाऱ्यांच्या वागणुकीवर बरेचसे अवलंबून आहे. भिंती खराब होत गेल्या, तर एक दिवस येथेही कुंपण पडेल, आणि त्यास दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही. तेव्हा वाचकहो, दिल्लीस याल तेव्हा मुलाबाळांसह येथे एक सकाळ अवश्य काढा, कमानी मोजा, झाडे ओळखा. आणि उठताना सतरंजीबरोबर फळांच्या सालीही गोळा करून न्या.