खिळ्यांचे चरित्र

नायगावला (जि. नांदेड) आम्ही साहित्यकृती शिकवतो ती निव्वळ शब्दसंहिता म्हणून, तिच्या खिळ्यांचा इतिहास वर्गात येत नाही. म्हणूनच मला अ. का. प्रियोळकर (१८९५–१९७३) मोलाचे वाटतात. ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ (१९५८) हा मुद्रणेतिहास आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे चरित्र (१९७१), दोन्ही त्यांचीच. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. ओवी मराठी, अक्षर परके : यामागे देवनागरी खिळ्यांचा अभाव होता. लेखकाला संहितेतून वजा करू पाहणाऱ्या समीक्षेने, त्याच्या हाताबाहेर काय होते, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. प्रियोळकरांचे चरित्रलेखन आणि मुद्रणसंशोधन मला त्या हिशेबाच्या दोन बाजू वाटतात.