अण्णांची अडतीस वर्षं

आमच्या वडिलांचा विषय निघाला की भावकीतली माणसं अजून त्यांच्या मरणापासूनच सुरुवात करतात. 'ऐन हंगामात गेला बिचारा.' मला ते खुपतं. अण्णा अडतीस वर्षं जगले, आणि ती वर्षं सांगण्यासारखी आहेत.

आमचा पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगरात. मांजरा नदी इथेच, गवळवाडीजवळ उगम पावते. तिचं पाणी मात्र पुढे धनेगावच्या धरणात साठतं. आमच्या वाट्याला मुरमाड रान, बाजरी, तूर आणि दसऱ्यानंतर परमुलखातला उसाचा फड. अण्णा १९६६ सालचे. बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळते म्हणून तेही तिच्यामागे जात. शाळा चौथीला सुटली. लग्न झालं आणि आई-अण्णा मिळून मुकादमाच्या वहीत एक कोयता झाले.

फडात त्यांचा हात सगळ्यांना माहीत होता. ऊस ते अगदी जमिनीलगत छाटत. साखर बुडख्यात जास्त, वर खुंट ठेवला तर शेतकऱ्याचंही नुकसान आणि आपलंही वजन कमी, हे नव्या पोरांना ते स्वतः वाकून, तोडून दाखवत. वाढ्यांचा पीळ देऊन त्यांनी बांधलेली मोळी गाडीवर चढेपर्यंत सुटत नसे.

तिसरीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर फडावर असायचो. दिवसा तोडायचं, रात्री टायरगाडी घेऊन कारखान्यावर नंबर लावायचा. गाडी खाली करून परतले की कोपीत चिमणीच्या उजेडात ते वजनाची पावती माझ्यापुढे धरत. भरल्या गाडीचं वजन, त्यातून रिकाम्या गाडीचं वजा. वजाबाकी मी तिथं शिकलो. हातचा चुकला तर रागावत नसत. "परत कर, हा आपला घाम हाय," एवढंच. सगळ्या पावत्या ते तारेत ओवून ठेवत आणि हिशेबाच्या दिवशी ती तार मुकादमापुढे ठेवत, आवाज न चढवता. मग टोळीतली बाकीची माणसंही आपल्या पावत्या त्यांच्याकडे आणू लागली. चार बुकं शिकलेल्या माणसाला मिळालेला हा मान मला आजही मोठा वाटतो.

चौथीला त्यांनी मला गावी आजीजवळ ठेवलं. आई रडली, पण ते ऐकेनात. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, घरी आले की आधी बैलांना पाणी, मग माझी वही.

श्रावणातल्या एखाद्या सोमवारी ते आम्हाला सौताड्याला न्यायचे. रामेश्वराच्या दरीत उतरताना लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर असे. धबधब्याचे तुषार अंगावर आले की ते मोठ्यानं हसत. तसं हसताना मी त्यांना दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही.

२००४च्या फेब्रुवारीत त्यांना ताप आला. खाडा पडला की पैसे कापतात, आणि मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फिटलेली नव्हती. अंगात ताप घेऊनच ते तोडत राहिले. दवाखान्यात नेलं तोवर कावीळ फार पुढे गेली होती. मी तेव्हा पाचवीत होतो.

राहिलेली उचल आईनं पुढच्या हंगामात अर्धा कोयता होऊन फेडली. मला मात्र शाळेतून काढलं नाही. कुणी विचारलं तर 'त्यांनी सांगून ठेवलंय' एवढंच तिचं उत्तर असे. आता सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आणली आहे. हे बघायला अण्णा हवे होते.

दसऱ्यानंतर गावातून गाड्या निघतात तेव्हा ओळखीच्या पोरांना मी जे सांगतो, तेच इथं सांगतो. अंगात ताप असेल तर फडात उतरू नका. खाडा पडू द्या. उचल पुढच्या हंगामात फिटते.