बारा गावचं पाणी

"बारा गावचं पाणी प्यायलेला आहे तो," असं आपण एखाद्याविषयी म्हणतो, तेव्हा त्यात कौतुक किती आणि शंका किती हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. अनुभवी माणूस असाही अर्थ होतो, आणि याच्याशी जरा जपून, असाही होतो. आपल्या शेतकरी समाजात एका जागी पाय रोवून राहणाऱ्याला मान. जमीन, विहीर, घर सगळं एका जागी. जो सारखा गाव बदलतो त्याचं कुठंतरी बिनसलेलं असणार, हे आपण धरूनच चालतो.

तर मंडळी, आज अशाच दोन मराठी माणसांविषयी लिहितोय. दोघंही क्रिकेटपटू, दोघंही फलंदाज. दोघंही आपलं राज्य सोडून परक्या संघांकडून खेळले, आणि योगायोग असा की दोघांच्याही वाटेत राजस्थान आलं.

आधी एका शब्दाची गोष्ट. सतत संघ बदलणाऱ्या खेळाडूला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. अमेरिकेत त्यांच्या त्या हातात चेंडू घेऊन पळायच्या फुटबॉलमध्ये असे खेळाडू पुष्कळ. आज या शहरात, दोन वर्षांनी त्या शहरात. 'जर्नी' म्हणजे प्रवास, म्हणून हा प्रवासी असेल असं कुणालाही वाटेल. पण या शब्दाचं मूळ फ्रेंच भाषेत आहे आणि त्याचा अर्थ 'दिवस' असा आहे. जर्नीमन म्हणजे धंदा शिकून तयार झालेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर. आपल्या भाषेत रोजंदारीवरचा. अर्थ कळला की शब्दाचं वजनच बदलतं. हा माणूस भटक्या नाही. हातात कसब आहे, काम जिथं मिळेल तिथं तो जातो, इतकंच.

असे पहिले मोठे कारागीर म्हणजे विजय मांजरेकर. आताच्या मुलांना संजय मांजरेकर ठाऊक असतो, हे त्याचे वडील. १९५२ साली लीड्सच्या कसोटीत, वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी १३३ धावा काढल्या आणि विजय हजाऱ्यांबरोबर २२२ धावांची भागीदारी केली. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात भारताची शून्यावर चार बाद अशी दाणादाण उडाली, आणि त्या चारांत मांजरेकरही होते. लोकांच्या लक्षात राहिलं ते हे शून्य! पुढं ते ५५ कसोटी खेळले, ३,२०८ धावा आणि ७ शतकं केली. १९६५ साली मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी नाबाद १०२ धावा काढल्या, तो त्यांचा कसोटीतला शेवटचा डाव ठरला. शतक काढलं आणि पुन्हा बोलावणं नाही.

हे मांजरेकर रणजी स्पर्धेत किती संघांकडून खेळले असतील? सहा. मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि शेवटी महाराष्ट्र. नकाशा घेऊन बसलं तर निम्मा देश होतो.

त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. पोटाला लागे नोकरी, आणि नोकरी द्यायची ती कुणी संस्थानिकानं, कारखान्यानं नाहीतर एखाद्या कंपनीनं. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू इंदूरला होळकरांकडे गेले आणि त्यांच्या फौजेतले कर्नल म्हणून ओळखले गेले. सांगलीचे विजय हजारे बडोद्याच्या महाराजांच्या चाकरीत गेले. राजस्थानच्या संघामागं मेवाडचे महाराणा भगवतसिंह उभे होते. सलीम दुराणी, हनुमंत सिंग, मांजरेकर अशी माणसं त्या संघातून खेळली. तरी यश कसं नाही बघा. १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात राजस्थान आठ वेळा रणजीच्या अंतिम सामन्यात पोचलं आणि आठही वेळा हरलं. त्यातल्या सात वेळा मुंबईकडून! मांजरेकर राजस्थानात होते त्याच वर्षांत ही पराभवांची रांग सुरू झाली. ज्या मुंबईनं त्यांना खेळ शिकवला तीच मुंबई त्यांच्या नव्या घरच्यांना दरवर्षी दारातून परत पाठवत होती. त्यांना काय वाटत असेल हे आपण कल्पनाच करू शकतो.

आता दुसरा माणूस. हृषीकेश कानिटकर, पुण्याचा. जन्म १४ नोव्हेंबर १९७४. त्यानंतर आठच दिवसांनी बंगलोरला वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी सुरू झाली आणि त्यात त्याचे वडील हेमंत कानिटकर भारताकडून पहिल्यांदा खेळले, पहिल्याच डावात ६५ धावा काढल्या. घरात पाळणा हललेला आणि बाप मैदानावर. अशा घरचा मुलगा फलंदाज होणार नाही तर काय होणार?

हृषीकेश म्हटलं की आपल्या पिढीला एकच चेंडू आठवतो. १८ जानेवारी १९९८, ढाका. पाकिस्ताननं ४८ षटकांत ३१४ धावा केल्या होत्या. तेव्हा एवढ्या धावांचा पाठलाग कुणीच यशस्वीपणे केला नव्हता. सौरव गांगुलीनं १२४ आणि रॉबिन सिंगनं ८२ काढून सामना हातात आणला, पण शेवटी दोन चेंडूंत तीन धावा राहिल्या. अंधार पडत आलेला, समोर सकलैन मुश्ताक. या डावखुऱ्या पोरानं चेंडू मिडविकेटकडे भिरकावला, चौकार गेला, एक चेंडू राखून भारत जिंकला. त्या रात्री गावोगाव फटाके वाजले.

आणि मग? दोन कसोटी, चौतीस एकदिवसीय सामने, आणि २००० सालच्या जानेवारीनंतर भारतीय संघाचं दार बंद. वय अवघं पंचवीस. बहुतेकांसाठी कानिटकरची गोष्ट इथंच संपते. मला मात्र ती इथून पुढं जास्त मोलाची वाटते.

तो पुढं बरीच वर्षं खेळत राहिला. आधी महाराष्ट्राकडून, मग मध्य प्रदेशकडून आणि मग राजस्थानकडून. रणजीत प्रत्येक राज्याला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. त्यांना 'प्रोफेशनल' किंवा 'पाहुणे खेळाडू' म्हणतात. आपल्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचं आणि दुसऱ्या राज्यात जाऊन खेळायचं. आम्हा शिक्षकांना हे प्रमाणपत्र चांगलंच ओळखीचं! २०१०-११ च्या हंगामात राजस्थाननं घेतलेले तिघं म्हणजे दिल्लीचा आकाश चोप्रा, ओडिशाचा रश्मी रंजन परीडा आणि कर्णधार म्हणून आपला कानिटकर.

राजस्थान तेव्हा खालच्या, म्हणजे 'प्लेट' गटात होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये जयपूरला हैदराबादविरुद्ध दीपक चहर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा पहिलाच सामना खेळला. त्यानं दहा धावांत आठ बळी घेतले आणि हैदराबादचा अख्खा संघ २१ धावांत गुंडाळला गेला. पुढं उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली मुंबईशी. तीच ती मुंबई! राजस्थाननं तिला बाहेर काढलं. जानेवारी २०११ मध्ये बडोद्याला बडोद्याचाच संघ समोर होता, आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर राजस्थान पहिल्यांदा रणजी विजेतं झालं. खालच्या गटातून येऊन करंडक नेणारा हा पहिलाच संघ. नवसानं एकदा झालं असं कुणी म्हणायला नको म्हणून पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, चेन्नईला तमिळनाडूला मागं टाकून त्यांनी तो पुन्हा जिंकला. त्या सामन्यात विनीत सक्सेनानं २५७ धावा काढल्या. दोन्ही वेळा कर्णधार कानिटकरच.

आठ अंतिम सामने हरलेल्या राज्याला करंडक दाखवला तो बाहेरून आलेल्या माणसानं. ज्यांनी जन्मभर वाट पाहिली त्यांच्यासाठी ढाक्याचा चौकार मोठा की हा करंडक? आपण मात्र चौकारच सांगत बसतो, कारण तो टीव्हीवर दिसला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण नुसतं विकलं जाणं वेगळं आणि परक्या रानात पीक काढून दाखवणं वेगळं. २०१५ साली तो निवृत्त झाला तेव्हा प्रथम दर्जाच्या सामन्यांत दहा हजारांवर धावा आणि ३३ शतकं त्याच्या नावावर होती. पुढं तो शिकवायला लागला. २०२२ साली एकोणीस वर्षांखालच्या मुलांनी वेस्ट इंडीजमध्ये विश्वचषक जिंकला, त्या संघाचा प्रशिक्षक हाच.

आपल्या मराठवाड्यातल्या मुलांना तर हे घर सोडणं चुकलेलंच नाही. मराठवाड्याचा स्वतंत्र रणजी संघ नाही, इथून निघून महाराष्ट्राच्या संघाचं दार ठोठवावं लागतं. आमच्या जालन्याचा विजय झोल असाच निघाला. २०११ साली एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत आसामविरुद्ध त्यानं नाबाद ४५१ धावा काढल्या, २०१४ च्या विश्वचषकात त्या वयोगटाच्या भारतीय संघाचा कर्णधार झाला. जालन्यातच बसला असता तर?

मीही जिल्हा परिषदेच्या शाळांतून चौतीस वर्षं फिरलो. हसनाबादचं घर इथंच राहिलं आणि मी पारध, अन्वा, राजूर, जाफराबाद असा खोल्या भाड्यानं घेत राहिलो. १९८१ साली जालना वेगळा जिल्हा झाला, तेव्हा तर मी जागचा न हलता माझा जिल्हा बदलला! प्रत्येक नव्या गावात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पारावर विचारायचंच, "गुरुजी, किती दिवस राहणार?" त्या प्रश्नात राग नसायचा, हिशेब असायचा. हा माणूस लवकर जाणार असेल तर आपलं पोर याच्या हवाली किती करायचं, याचा हिशेब. त्याला तोंडी उत्तर नसतं. उद्या बदलीचा कागद येणार हे माहीत असूनही आज फळ्यावर पूर्ण उदाहरण सोडवून दाखवायचं, एवढंच उत्तर. वर्गातलं पोर गावचं असतं, मास्तर पाहुणा असतो. पण त्या पोराला पाढे आले तर ते पाढे पाहुणे नसतात, ते गावातच राहतात.

हे सगळं आज लिहायला कारण घरचंच आहे, आणि नातेवाईक वाचणार आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय. माझ्या पुतण्याचं, वय एकतीस, नुकतंच एक स्थळ मोडलं. मुलीकडच्यांनी निरोप दिला की मुलगा चांगला आहे, पण आठ वर्षांत चार कंपन्या झाल्या, एका जागी टिकत नाही. परक्यांचं मी समजू शकतो. पण आता आपल्याच घरातली वडीलधारी मंडळी तेच म्हणू लागली आहेत, आणि त्या पोरानं सणाला गावी येणं कमी केलंय. हे मला लागतं.

त्यानं काम कुठंही अर्धं टाकलेलं नाही. पहिल्या कंपनीतली माणसं अजून अडलं की त्याला फोन करून विचारतात, हे मी स्वतः ऐकलंय. टिकणं म्हणजे खुर्ची न सोडणं असेल तर मांजरेकर सहा वेळा नापास झाले, आणि मीही चार-पाच वेळा. तेव्हा या दिवाळीत तो आला, तर कंपन्या किती झाल्या हे कुणी मोजू नका. जिथं होता तिथं काय करून आला, हे विचारा, आणि तो सांगेल ते नीट ऐकून घ्या.

बघा पटतंय का.