दाराशी हत्ती

पूर्वी एखाद्याच्या ऐश्वर्याचे वर्णन करायचे झाले म्हणजे 'त्याच्या दाराशी हत्ती झुलत असे' असे म्हणत. हत्ती झुलत असेल. परंतु त्याला रोज पाण्यावर कोण नेई आणि वाटेत तो बसलाच तर उठवी कोण, याविषयी जुनी मंडळी चकार शब्द काढत नाहीत. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला आमच्याही दाराशी एक हत्ती आला. दाराशी म्हणजे सीबीडी बेलापूरमधल्या आमच्या इमारतीच्या खाली, खांब क्रमांक चार आणि पाण्याचा पंप यांच्या मधल्या जागेत.

हत्तीचे नाव रॉयल एनफील्ड सुपर मीटिऑर. इंजिन ६४८ सीसीचे, नळकांडी दोन, गिअर सहा आणि वजन २४१ किलो. या शेवटच्या आकड्याकडे मी कागदावर वाचताना फारसे लक्ष दिले नव्हते. माझे स्वतःचे वजन ६४ किलो, वय ५७ आणि डावा गुडघा जरा कुरकुरणारा. तीस वर्षे मी स्कूटरवरून ऑफिसला गेलो. स्कूटर ही घरातल्या मोलकरणीसारखी. तिला ओढावे, ढकलावे, जिन्याखाली कोंबावे, ती काही बोलत नाही. हा प्राणी निराळा आहे हे पहिल्याच दिवशी, त्याला पंपाजवळून मागे घेताना कळले. जमिनीला तिथे किंचित उतार आहे. पंधरा वर्षे मी त्या इमारतीत राहतो, पण तो उतार मला कधी दिसला नव्हता. त्या दिवशी दिसला. वॉचमन धावत आला नसता तर पंप आणि मी असे दोघेही कामातून गेलो असतो.

पैशांचेही सांगून टाकतो. स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा म्हणून जी रक्कम बाजूला ठेवली होती तीत भविष्यनिर्वाह निधीतले थोडे घालून ही खरेदी झाली. सौ.ला विचारले तेव्हा ती म्हणाली, "घ्या. ओटा काही कुठं पळून जात नाही." एवढेच. लग्नाला तीस वर्षे झालेल्या वाचकांना या वाक्याचे वजन २४१ किलोंहून अधिक असते हे सांगायला नकोच.

गाडी येण्यापूर्वी माझी अशी समजूत होती की वस्तू विकत घेतली की ती आपली होते. तसे नाही. पहिले दोन महिने ती गाडी माझ्या मालकीची नव्हती, मी तिच्या मालकीचा होतो. रात्री दोनदा उठून गॅलरीतून तिच्यावरचे कापड जागेवर आहे की नाही ते पाहायचो. इमारतीतला प्रत्येक गृहस्थ थांबून विचारायचा, "ॲव्हरेज किती देते?" मी पंचविसाच्या आतबाहेरचा आकडा सांगितला की तो हळहळून माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. पुढे पुढे आजारी माणसाच्या घरची मंडळी जशी सर्वांना तेच तेच उत्तर देतात तसे मी देऊ लागलो.

शिकायला मात्र बेलापूरसारखे गाव नाही. मुंबईची गर्दी हलकी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून १९६५ साली मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि मुंबईतल्या कचेऱ्या ज्या ठिकाणी याव्यात असे ठरले ते हे सीबीडी. त्यामुळे आमचे गाव कचेरीच्या वेळापत्रकाने जगते. सोमवारी सकाळी कोकण भवनापाशी पाय ठेवायला जागा नसते; तेथेच रविवारी सकाळी सहा वाजता कुत्रीसुद्धा रस्त्याच्या मधोमध निजलेली आढळतात. रुंद रस्ते, मोठी वळणे, दोन्ही बाजूंना झाडे, आणि चुकलो तर हसायला कोणी नाही. सिडको भवन, रिझर्व्ह बँकेची इमारत, कोकण रेल्वेचे बेलापूर भवन अशा थोरामोठ्यांच्या साक्षीने मी पहिल्या गिअरमध्ये गोल गोल फिरत असे. पहाऱ्यावरच्या शिपायांना प्रथम माझा संशय आला. नंतर ते हात करू लागले.

मोठी गाडी वेगात हाकणे सोपे असते, कठीण असते ती सावकाश हाकणे. ताशी पन्नासच्या वेगाने ती स्वतःच स्वतःला सावरते. ताशी पाचच्या वेगाने सगळा भार तुमच्यावर. तिथे क्लच अर्धा धरायचा, मागचा ब्रेक पायाने किंचित दाबून ठेवायचा, इंजिनाला जरासा दम द्यायचा आणि नजर जिथे जायचे आहे तिथे ठेवायची, चाकापुढच्या खड्ड्याकडे नाही. खड्ड्याकडे पाहिले की गाडी खड्ड्यातच जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक आवळायचा नाही. हे शेवटचे कलम मी पुस्तकात वाचले नाही. ते शिकण्याचा प्रसंग सेक्टर आठमध्ये आला.

सेक्टर आठमध्ये पारसिकच्या डोंगराच्या कुशीत आर्टिस्ट व्हिलेज आहे. हीही कोरियांचीच करणी, १९८३ ते ८६ सालातली. सात सात घरे आठ मीटर लांबरुंद अंगणाभोवती मांडलेली. अशी तीन अंगणे मिळून आणखी एक मोठे अंगण. कोणाची भिंत कोणाला लागून नाही, म्हणजे ज्याला जसे जमेल तसे त्याने घर वाढवावे. गेल्या चाळीस वर्षांत लोकांनी ते इतके मनावर घेतले आहे की मूळची कौलारू घरे आता शोधावी लागतात. तरीही तिथले अंगण हे अंगण राहिले आहे. म्हातारी माणसे खुर्च्या टाकून बसतात, पोरे खेळतात. माझे एक स्नेही तिथे राहतात. त्यांना गाडी दाखवावी म्हणून एका संध्याकाळी मी गेलो, दाखवली, चहा झाला, आणि निघताना ऐटीत त्या आठ मीटरच्या अंगणातच गाडी वळवायला घेतली.

अर्धे वर्तुळ झकास झाले. तेवढ्यात कोणाचा तरी चेंडू पुढे आला, चेंडूमागे पोरगा येणार या भीतीने माझी चार बोटे ब्रेकवर आवळली गेली, हँडल उजवीकडे वळलेले होतेच, आणि गाडी उजव्या अंगावर निजली. पडली म्हणता येणार नाही. म्हैस जशी डबक्यात बसते तशी, सावकाश, माझा मान राखून बसली. मला काही लागले नाही. पोरगाही आला नाही. तो दारात उभा राहून पाहत होता. गाडीच्या लोखंडी गार्डावर एक ओरखडा आणि माझ्या ५७ वर्षांवर एक.

मी तिला उचलायला गेलो. हँडल धरले, दम कोंडला, हिसका दिला. ती तसूभर हलली नाही. दुसरा हिसका दिला तेव्हा कमरेतून एक कळ निघाली आणि मी तिच्याच शेजारी खाली बसलो. अंगणातले सगळे उठून आले. शेवटी बेलापूर गावातला, दूध घालायला आलेला एक आगरी तरुण आणि स्नेह्यांचा मुलगा यांनी ती उभी केली. तो तरुण अगदी गंभीरपणे म्हणाला, "काका, एकट्याचं काम नाय हे." त्याला गाडीविषयी म्हणायचे होते. मला ते दुसऱ्याच गोष्टीविषयी ऐकू आले.

पुढले तीन आठवडे गाडीवरचे कापड निघाले नाही. कमर शेकत पडलो असताना मी हिशोब मांडत होतो. विकली तर किती येतील, ओटा त्यात होईल का, लोकांना काय सांगायचे. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, हे वय नाही. विकून टाका." त्याचे चूक नव्हते. समजा असा प्रसंग कर्नाळ्याच्या खिंडीत, रात्री, पावसात आला असता तर? पण मन असे चमत्कारिक की विकण्याची जाहिरात लिहायला बसलो तेव्हा 'उत्तम स्थितीत' या शब्दांपुढे लेखणी जाईना. सौ. काही बोलली नाही. तेल चोळता चोळता एकदा एवढेच म्हणाली, "उचलायचं काही तंत्र असेल ना? हमालसुद्धा पोतं हातांनी उचलत नाहीत."

तंत्र होते. उरण फाट्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ते मला दाखवले. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी डावीकडचे स्टँड उघडून ठेवायचे, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडते. मग गाडीकडे चक्क पाठ करायची, आसनाला बूड टेकवायचे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरायची, पाठ ताठ ठेवायची, आणि पायांनी एक एक पाऊल मागे चालत जायचे. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. मिस्त्रीने एक जुनी जड गाडी गोणपाटावर आडवी घातली आणि म्हणाला, "हं, करा." ती माझ्या पाठीमागे सरळ उभी राहिली तेव्हा मला जो आनंद झाला तो मॅट्रिक पास झालो तेव्हाही झाला नव्हता.

त्यानंतर पुन्हा रविवार सुरू झाले. आणखी एक गंमत तेव्हा उमगली. वेगात असताना उजवीकडे वळायचे तर उजव्या हाताने हँडल किंचित पुढे लोटावे लागते. म्हणजे क्षणभर चाक डावीकडे जाते, गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. आपण सायकलवर लहानपणापासून हेच करतो, पण करतो हे आपल्याला ठाऊक नसते. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू मूळचे सायकलवाले. त्यांतल्या विल्बरने हे ओळखले होते. त्याने कितीतरी सायकलस्वारांना तुम्ही वळता कसे म्हणून विचारले आणि एकालाही ते धड सांगता आले नाही. बेलापुरात मी ओळखीच्या दोघातिघांना विचारले. त्यांनी मला ॲव्हरेज विचारले.

आता प्रवासाला निघावे तर कुठे? येथे एक मौज आहे. ज्या थोर रस्त्यांसाठी अशी गाडी घ्यावी ते सगळे रस्ते तिला बंद. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला, दुचाकीला मज्जाव. वांद्रे-वरळी सागरी सेतू, मज्जाव. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या अंगणातून, म्हणजे चिर्ल्याहून शिवडीला जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उघडला, तिथेही मज्जाव. सहाशे सीसीची ही स्वारी अखेर बैलगाडीच्या पंक्तीला! प्रथम मला राग आला. पण जुन्या पुणे रस्त्याने पनवेल, चौक, खालापूर करीत खोपोलीला गेलो आणि राग ओसरला. त्या रस्त्यावर गावे आहेत. द्रुतगती मार्गावर गावांच्या नुसत्या पाट्या असतात.

खोपोलीनंतर घाट लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे मालट्रक, त्याच्या धुरातून वर चढत शिंग्रोबाच्या देवळापाशी आलो. इंग्रजांना बोरघाटातून वाट दाखवणारा हा धनगर. बक्षीस काय हवे म्हणून विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्यापायी गोळी खाल्ली, असे सांगतात. घाटातून जाणारे ड्रायव्हर अजून त्याला नाणे वाहतात. मीही थांबलो. चढावर, नाक वर करून, पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी केली, म्हणजे स्टँडवरून घरंगळत नाही. नाणे वाहिले. मग लक्षात आले की परत जायचे तर इथे, या उतारावर, गाडी वळवायची आहे.

पाच मिनिटे मी नुसताच उभा होतो. दोन ट्रक गेले, एक एसटी गेली. रस्ता मोकळा झाला तशी सुरुवात केली. अर्धा क्लच, मागचा ब्रेक, मान वळवून नजर थेट खाली खोपोलीकडे. पुढच्या ब्रेकवरची बोटे मी मुद्दाम मुठीत घेतली होती. मधेच ती कलू लागली, पोटात गोळा आला, जरा दम दिला आणि ती उठली. पाय जमिनीला लागला नाही. देवळापाशी बसलेल्या म्हातारीने पाहिले असेल नसेल. मी मात्र खोपोली येईपर्यंत हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो.

घरी आल्यावर हे सगळे सौ.ला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मागे माणूस बसवून वळते का?"

तिचे माहेर पेणचे. नोव्हेंबरातल्या एका सकाळी आम्ही निघालो. माणूस बसला की गाडी पुन्हा नवी होते. शिकलेले निम्मे विसरावे लागते, ब्रेक आधी धरावा लागतो. पहिले दहा किलोमीटर तिने माझ्या खांद्याचा भरीत केल्यासारखा चेंदा केला. कर्नाळ्याच्या झाडीत शिरल्यावर, डावीकडे किल्ल्याचा तो अंगठा आभाळात दिसला आणि तिची पकड सैल झाली. खारपाड्याच्या पुलावर पाताळगंगेचे वारे आले तेव्हा तिने माझा खांदा सोडून मागे पाठ टेकली. पुढचा प्रवास मी एकटाच करीत असल्यासारखा हलका झाला, आणि एकटा नव्हतो.

पेणला भावजयीने पोह्याच्या पापडांची आणि तांदळाच्या पिठाची एवढाली पुडकी बांधून दिली. ती गाडीवर ठेवायची कुठे यावर अंगणात परिषद भरली. मेहुणा म्हणाला, अशा गाड्यांना दोन्ही बाजूंना पेट्या बसवून मिळतात. सौ.ने गाडीभोवती एक चक्कर मारली, मागची जागा हाताने मोजली आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"पेट्या बसवून घ्या. पण त्याचे पैसे ओट्यातून नाही हं."