सेटिंगला हात न लावता

पुसद, दिग्रस, दारव्हा या भागातल्या शाळा-वाचनालयांचे जुने कॉम्प्युटर लिनक्स टाकून परत चालते करायचं काम मी करतो. तिथे दोनच गोष्टी विचारतात : मराठी टाइप होईल का, आणि प्रिंट बरोबर निघेल का. सेटिंग कोणी उघडत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर ज्या अवस्थेत बसलं, त्याच अवस्थेत ते वर्षानुवर्षं चालतं.

एका शाळेतले बाबू म्हणाले, "भाऊ, सरची सही दुसऱ्या कागदावर काहून जाऊन रायली?" बोनाफाईड दाखला एका पानाचा, पण सहीची ओळ खाली उतरत होती. कॉम्प्युटर कोणीतरी डेबियन लिनक्स टाकून दिलेला. भाषा इंग्लिश निवडली की ते देश विचारतं, आणि तिथे अमेरिका आधीच निवडलेली असते. एंटर मारत गेलं की झालं. घड्याळ चुकलेलं लगेच दिसतं, म्हणून ते दुरुस्त केलेलं होतं. कागद मात्र अमेरिकेचाच राहिला : लेटर, २७९ मिलिमीटर उंच. आपला ए-फोर २९७ चा.

सहीचं लगेच लक्षात आलं; जन्मतारखांचं आलं नसतं. कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये ५/८/२०१४ लिहिलं की ५ ऑगस्टचा ८ मे होत होता. १३/८ मात्र तारीख न होता नुसता मजकूर राहायचा, कारण तेरावा महिना नाही. लोकेल, म्हणजे देश-भाषेची सेटिंग, 'इंग्लिश (इंडिया)' केल्यावर नवीन कागद ए-फोर आला आणि दिवस महिन्याच्या आधी आला. जुन्या नोंदी मात्र दाखलखारीज रजिस्टर समोर ठेवून तपासाव्या लागल्या.

याच डेबियनचे काही डिफॉल्ट मात्र मला फार शहाणे वाटतात. पुस्तकांच्या नोंदींसाठी मारियाडीबी हा डेटाबेस टाकला, तर तो १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता ऐकतो. वायफायवरचा दुसरा कोणी त्यात शिरू शकत नाही. २०१७ च्या सुरुवातीला जगभरातले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे सापडले. डेटा पुसून खंडणी मागितली गेली. त्यानंतर मोंगोडीबीनेही ३.६ आवृत्तीपासून तोच बंद दरवाजाचा नियम सगळीकडे लावला.

दुसरा शहाणा डिफॉल्ट अपग्रेडचा. एखादी कॉन्फिग फाइल आपण बदललेली असेल आणि पॅकेजसोबत तिची नवी प्रत आली, तर पॅकेज बसवणारं डीपीकेजी थांबून विचारतं. नुसतं एंटर दाबलं तर आपलीच फाइल राहते. न वाचता एंटर दाबणाऱ्याचं त्यात नुकसान होत नाही.

डिफॉल्ट चांगला की वाईट, हे मी यावरूनच ठरवतो. तुमच्या शाळेत कोणी लिनक्स टाकून देत असेल, तर तो माणूस उठण्याआधी एक दाखला छापून बघा आणि कॅल्कमध्ये १३ तारीख टाकून बघा.