चेंडू झेलणारे तिघे

आपल्या मैदानावर जो फुटबॉल खेळतात, त्यांत हाताला मज्जाव असतो. अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, त्यांत मात्र पायापेक्षां हाताचेंच काम अधिक. एका बाजूचे ११ गडी. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढें सरकावयाचें, हा त्याचा मुख्य नियम. क्वार्टरबॅक नांवाचा गडी चेंडू फेंकतो आणि कडेला उभे असलेले वाइड रिसीव्हर वेगानें पुढें धांवून तो झेलतात. माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा नोकरीनिमित्त ओहायो राज्यांतील सिनसिनाटी शहरीं राहतो. बंगाली वाघाचें नांव धारण करणाऱ्या तेथील 'बेंगाल्स' संघाचा तो मोठा अभिमानी आहे. त्याच्या संगतीनें मलाही ह्या खेळाची गोडी लागली.

झेलणाऱ्यांची तुकडी जमविणें ही एक विद्याच आहे. तिघेही सारख्याच गुणांचे असले, तर प्रतिपक्षाचें काम सोपें होतें. म्हणून एक असा लागतो, जो वाऱ्यासारखा धांवून दूरचा चेंडू गांठील; दुसरा उंच व बळकट, जो दुसऱ्याच्या हातांवरून चेंडू हिसकून घेईल; तिसरा आंतल्या बाजूस, गर्दींत राहून, नेमक्या अडचणीच्या वेळीं चार-सहा यार्ड मिळवून देईल. पहिल्यावर नजर ठेवण्यास प्रतिपक्षाचे दोन गडी गुंतले कीं दुसरा मोकळा होतो. अर्थात् ज्याच्या हातीं चेंडू आलाच नाहीं, त्यानेंही आपला वांटा उचललेला असतो. परंतु तो आंकड्यांत कोठेंच दिसत नाहीं.

दर वर्षीं महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू संघांनीं पाळीपाळीनें निवडावयाचे, अशी तेथील पद्धत आहे. बेंगाल्सनीं २०१६ सालीं टायलर बॉइड ह्यास दुसऱ्या फेरींत घेतलें. २०२० सालीं जो बरो हा क्वार्टरबॅक सर्वांत प्रथम निवडला आणि ३३ व्या क्रमांकावर टी हिगिन्स ह्यास घेतलें. त्याच हंगामांत बरोच्या गुडघ्यास भयंकर दुखापत झाली. तेव्हां पुढील वर्षीं त्याचें रक्षण करणारा धिप्पाड गडी घ्यावा, असें पुष्कळांचें म्हणणें होतें. संघानें मात्र ५ व्या क्रमांकावर बरोचा महाविद्यालयांतील सोबती जामार चेस ह्यास निवडलें. चेसनें पहिल्याच हंगामांत झेल घेऊन १,४५५ यार्ड मिळविले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. तेथें लॉस एंजल्सच्या रॅम्स संघाकडून २३-२० असा पराभव झाला. त्या सामन्यांत बरोला ७ वेळां खालीं पाडलें गेलें. दोन्ही पक्षांचें म्हणणें एकाच हंगामांत खरें ठरलें!

पुढें प्रश्न आला पैशाचा. संघानें पगारावर किती खर्च करावा, ह्यास मर्यादा असते. २०२५ सालीं ती प्रत्येक संघास २७ कोटी ९२ लक्ष डॉलर होती. एकास अधिक द्यावें तर दुसऱ्याचें कमी होतें. २०२४ मध्यें बॉइड संघ सोडून टेनेसीकडे गेला. मार्च २०२५ मध्यें चेसला चार वर्षांचे १६ कोटी १० लक्ष आणि हिगिन्सला ११ कोटी ५० लक्ष डॉलर देण्याचें ठरलें. चेसची योग्यता निर्विवाद होती. २०२४ च्या हंगामांत १२७ झेल, १,७०८ यार्ड व १७ टचडाउन, ह्या तिन्ही बाबतींत तो सर्वांच्या पुढें होता. तरीही ९ विजय व ८ पराभव पदरीं घेऊन संघ बाद फेरीबाहेरच राहिला. कारण बचावाची बाजू लंगडी होती. उलट कॅन्सस सिटीच्या संघानें मार्च २०२२ मध्यें टायरीक हिल हा आपला नामांकित झेलणारा मायामीला दिला, त्याच्या बदल्यांत पांच नव्या निवडींचे हक्क घेतले, आणि पुढील दोन्ही हंगामांचीं विजेतेपदें मिळविलीं.

पुतण्यानें मला विचारलें, "काका, तिघांतून दोघेच ठेवतां येत असतील तर तुम्ही कोणास जाऊं द्याल?" हिशेबानें पाहिलें तर उत्तर सोपें होतें, बॉइडलाच निरोप द्यावा लागेल. तरी तें लिहितांना माझी लेखणी अडली. आमच्या वडिलांच्या मिळकतीसही मर्यादा होती. आम्हां तिघां भावंडांपैकीं एकालाच महाविद्यालयांत पाठविणें शक्य होतें. शालान्त परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेले माझे थोरले बंधू एका छापखान्यांत कामास लागले आणि पुढें माझी फी भरूं लागले. माझ्या नांवापुढें पदवी लागली. त्यांच्या नांवापुढें कांहीं लागलें नाहीं, आणि ह्याविषयीं त्यांनीं कधीं एक शब्दही उच्चारला नाहीं. वडिलांचा निर्णय चुकला, असें मी म्हणत नाहीं. थैली लहान असली कीं निवड करावीच लागते. परंतु थैलींत ज्याच्यासाठीं जागा उरली नाहीं तो कमी मोलाचा होता, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये.

विद्यार्थी मित्रहो, बक्षिसें मिळविणाऱ्यांचीं नांवें दर वर्षीं छापलीं जातात, आणि तें योग्यच आहे. ज्यांचीं नांवें त्यांत असतील, त्यांनीं तो कागद घरीं नेऊन एकवार विचार करावा: आपण मोकळे धांवत होतों, तेव्हां प्रतिपक्षाचे दोन गडी कोणी आपल्या अंगावर घेतले होते? आणि ज्यांचीं नांवें नसतील, त्यांनीं धांवणें सोडूं नये. त्यांच्या धांवण्यावर कोणाचा तरी झेल अवलंबून असतो.